ताटावर घेतलेलं माप

मी, खाली अंगठा करणार, पेशाने दातांची डॉक्टर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय करून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. गेलेत ते हात. म्हणून मी सांगते आणि वकीलबाई लिहितात. परवा माझ्या मानेच्या मणक्यांचं दुसरं ऑपरेशन आहे. त्यातून उठेनच अशी हमी सर्जननी दिलेली नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक यजमानांना. त्यांनी यातलं काहीही त्यांच्या भावाच्या नावावर करू नये. भावाने काही मागितलं की यांची मान आपोआप हलते, म्हणून लिहून ठेवते.

२. हा भाऊ, म्हणजे माझे धाकटे दीर, डॉक्टरी सामानाचे विक्रेते. दातांचं काम करताना घालायचा भिंगांचा चष्मा, ज्याला आम्ही लूप म्हणतो, तो मी त्यांच्याकडूनच घेतला. घरचाच माणूस ना! डोळ्यापासून पेशंटच्या तोंडापर्यंतचं अंतर त्यांनी मोजलं ते आमच्या जेवणाच्या टेबलावर, समोरच्या ताटापर्यंत. म्हटलं, "भावोजी, ताट जवळ पडतं, दवाखान्यात येऊन मोजा." तर म्हणे, "वहिनी, चार बोटांनी काय आभाळ कोसळणारंय?" यजमान म्हणाले, "जाऊ दे गं, नाराज होईल तो."

त्या चार बोटांपायी उमेदीची सगळी वर्षं मी वाकून काढली. वाकले नाही तर दात धूसर दिसायचा. दुसरा चष्मा घ्यायचं नाव काढलं की घरात अबोला. पुढे मानेतली नस दबून बोटं बधिर झाली, एक दिवस ड्रिल हातातून सुटून एका बाईच्या ओठात घुसलं, आणि माझं काम संपलं. दिरांना मी माफ केलेलं नाही. मी गेल्यावर त्यांनी माझं तोंड बघायला येऊ नये.

३. दवाखाना, खुर्ची आणि सगळी हत्यारं लेकीला, पण एका अटीवर. ती माझाच चष्मा घालून काम करते. "आई, तुझा हात आहे यात," म्हणते. अगं बाई, माझ्याहून वीतभर उंच तू, तुला तर माझ्या दुप्पट वाकावं लागतं! तो चष्मा फोडून टाकावा. नव्याचं माप स्वतःच्या स्टुलावर, पाठ ताठ ठेवून, खऱ्या पेशंटसमोर द्यावं. नजर खाली जावी, मान नाही. अडीच पट मोठं दिसलं तरी पुरे; त्याहून जास्तीच्या मोहाने नाकावरचं ओझं वाढतं आणि दिसतो जेमतेम एक दात. आठवडाभर वापरून बघितल्याशिवाय घेऊ नये. आणि विकणारा नात्यातला नसावा.

४. वरचं कलम वाचून दाखवलं तेव्हा लेक खोलीतच होती. "घेते गं नवा, शप्पथ," म्हणाली आणि मला पाणी पाजायला आली. पेला दोन्ही हातांनी धरला होता. मी म्हटलं, "उजवा हात पुढे कर." म्हणाली, "काही नाही गं, झोपेत अंगाखाली आला." तिला डोळे मिटायला लावले आणि वकीलबाईंना म्हटलं, करंगळीला टाचणी टोचा.

"टोचा ना," लेक म्हणाली. टाचणी तेव्हा करंगळीत होती.

सबब कलम तीन रद्द. दवाखाना विकावा आणि येणारा पैसा लेकीच्या मानेच्या उपचाराला लावावा. ती चिडेल, रडेल. रडू दे.

स्थळ : माझी खोली
दिनांक : ९ नोव्हेंबर

डाव्या हाताचा अंगठा (हात मी धरून टेकवला. — दवाखान्यातली सिस्टर)

साक्षीदार :
१. दवाखान्यातली सिस्टर
२. शेजारच्या शिंपीणबाई