अक्काचा उजवा डोळा

३ जून

चि. बाळ्यास अनेक आशीर्वाद.

गिरणीत फोरमन झालास हे वाचलं आणि गल्लीभर सांगत सुटले. मी बरी आहे, फक्त उजव्या डोळ्याने खोडी काढली आहे. सोमवारी एका वकिलाच्या कोटाला रफू करायला बसले, तर कापडाची वीणच वाकडी दिसायला लागली. आधी मी कापडालाच नावं ठेवली. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्यातली शीर तुंबून पडदा सुजलाय, दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्या. मी म्हटलं, त्यापेक्षा चिरून ती शीर मोकळी करा, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे. तर म्हणे, तशी शस्त्रक्रिया काहींनी करून पाहिली, पण खात्रीचा फायदा दिसला नाही. डोळ्यात सुई मला नाही सोसायची. तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

माया आहेच, ती असू दे.
तुझी अक्का

१४ जून

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

जन्मभर सुई धरलीस आणि आता सुईलाच घाबरतेस? माझ्या पायातला काटा काढताना मी बोंबललो की तू दटावायचीस, हलू नकोस, क्षणाचं काम आहे. आता तू हलू नकोस. इथल्या डॉक्टरांनाही विचारलं. तेही आधी इंजेक्शनच म्हणतात. रक्तदाबाच्या गोळ्याही चुकवू नकोस. तुझी भावजय रोज तुझी चौकशी करते.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा बाळ्या

९ नोव्हेंबर

चि. बाळ्यास अनेक आशीर्वाद.

एक लपवलं होतं, ते सांगते. तीन इंजेक्शनं घेतली, वीण सरळ दिसू लागली, कामं साचली होती, म्हणून पुढे गेलेच नाही. परवा चहा गाळताना डोळ्यात काळे धागे तरंगले आणि तासाभरात सगळं झाकोळलं. पडद्यावर नाजूक नव्या शिरा उगवल्या होत्या, त्यातली एक फुटली. त्या शिरा सुकवायला लेसर लागतो, पण आत रक्त साचलंय, त्यातून तो पोचत नाही. म्हणून डोळ्यातला रक्ताने गढूळ झालेला गर काढायचा आणि त्याच वेळी लेसर द्यायचा. शस्त्रक्रिया सोळा तारखेला आहे. नजर किती परत येईल, डॉक्टर सांगत नाहीत. तू येऊ नकोस, गिरणीत नवी जबाबदारी आहे.

चुकले. माया आटू देऊ नकोस.
अक्का

१२ नोव्हेंबर

ती. अक्कास नमस्कार.

येऊ नकोस असं तू लिहिलंस म्हणूनच निघतोय. शनिवारी पोचतो. रागावणार नाही.

बाळ्या

२० डिसेंबर

चि. बाळ्यास अनेक आशीर्वाद.

तू परत गेल्यावर घर मोठं वाटतं. काल तपासणी झाली. तक्त्यावरची चौथी ओळ वाचली. डॉक्टर खूश आहेत. तीन बारीक भोकांतून एवढं काम केलं आणि एकही टाका घातला नाही, कारागीर माणूस. मात्र बारीक वीण या डोळ्याला आता दिसायची नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. ऐकून मी बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसून राहिले.

एक तुला सांगितलं नव्हतं. पट्टी काढल्यावर दोन दिवस नुसतं धुकं होतं. तिसऱ्या सकाळी तू औषधाचा थेंब घालायला वाकलास आणि त्या डोळ्याला पहिल्यांदा काही धड दिसलं, ते तुझी कॉलर. उसवलेली, आणि तूच शिवलेली, पांढऱ्या शर्टावर काळ्या दोऱ्याने. मी रडले, तेव्हा तुला वाटलं थेंब झोंबला.

तो शर्ट पाठवून दे. कॉलर शिवण्याइतकं मला दिसतंय.

तुझी अक्का