खालच्या तुकड्यातला घेवडा

चाकण, ६ ऑगस्ट २०२४

चि. सौ. उत्कर्षास,

अ. उ. आशीर्वाद. कान गेल्यापासून फोनचा उपयोग न्हाई, म्हणून कागद. तुझी आई बरी आहे. गुडघे दुखतात, पण माझ्यावर ओरडायला ताकद शिल्लक आहे.

काळजी खालच्या तुकड्याची. तुझ्या भावानं, शेखरनं, तो ट्रेलर उभे करायला भाड्यानं दिला होता. उन्हाळ्यात यार्ड उठलं, म्हणून मी घेवडा टोकला. अर्धं बी वर आलंच न्हाई. जे आलं ते वीतभर होऊन पिवळं पडलं. तेच बी घराशेजारी गुडघ्याला लागलंय. खाली पाणी मुरत न्हाई, परातीतल्यागत उभं राहतं. शेखर म्हणतो, जमीन संपली, यार्डवाल्याला परत देऊ. तुला काय वाटतं ते लिही.

आठवण ठेवत जा.
तुझा आप्पा

पिंपळे सौदागर, १२ ऑगस्ट

ती. आप्पांस,

शि. सा. न. आईचं ओरडणं कमी पडलं तर मी येते मदतीला.

आमच्या सोसायटीतल्या तनुजाताई कृषी महाविद्यालयात शिकवतात. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, दोष बियाण्याचा नसावा. ट्रेलरच्या वजनानं माती दाबली गेली असेल, मग मुळांना वाटही नाही आणि हवाही नाही. दोन्हीकडचं एकेक रोप खणून पाहा. ओल्यात मात्र ट्रॅक्टर घालू नका, माती आणखी बसते.

शेखर म्हणाला, तुम्ही दिवसभर बांधावर बसून असता, जेवायलाही येत नाही. असं करू नका ना, आप्पा.

तुमच्या मायेत असावी,
उत्कर्षा

चाकण, २७ ऑगस्ट

चि. सौ. उत्कर्षास,

अ. उ. आशीर्वाद. खणून पाहिलं. घराशेजारच्या रोपाचं मूळ सरळ खाली गेलंय, गुलाबी गाठी धरून. खालच्याचं चार बोटं उतरून आडवं वळलंय. टोक काळं, वास कुजका. सकाळी उभी असलेली रोपं संध्याकाळी माना टाकतात.

तुझ्या तनुजाताईंचं म्हणणं शेखरला सांगितलं. तो म्हणाला, माती सुकून वाफसा यायची वाट बघत बसलो तर हंगाम जाईल. पीक मोडायला त्यानं ओल्यातच मोठा ट्रॅक्टर घातला. चाकोऱ्या पडल्या, आणि आता सगळं पाणी त्यांतून खाली केसरबाईच्या खोल्यांकडं धावतंय. एका खोलीत ती राहते, बाकीच्यांत कंपनीतली पोरं. तिच्या मागच्या भिंतीचा पाया उघडा पडलाय. शेखर म्हणतो, पाऊस उघडला की बघू. पाऊस उघडेना. उद्यापासून मीच ओढ्यापर्यंत चर खणायला घेतो.

जावईबापूंना नमस्कार.
तुझा आप्पा

चाकण, ४ सप्टेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तू फोनवर रडायला लागलीस आणि मला पुढं बोलवेना, म्हणून लिहितो.

रविवारी दुपारी आप्पा चर खणत होते. केसरबाईची भिंत फुगलेली त्यांना दिसली. आत शिरून त्यांनी तिला बाहेर ढकललं, आणि भिंत त्यांच्या पायावर आली. पोरं शिफ्टला गेली होती म्हणून वाचली. पिंपरीच्या हॉस्पिटलात मांडीत सळई घातलीय. काठीशिवाय चालणं होणार न्हाई, असं डॉक्टर म्हणाले. आप्पा मला एक शब्द रागानं बोलले न्हाईत. चर ओढ्याला पोचला का, एवढंच विचारलं. ताई, त्यापेक्षा त्यांनी मारलं असतं तर बरं.

चर मी पुरा केला. यार्डवाल्याला नको म्हणून सांगितलं. उन्हाळ्यात जमीन नीट वाळली की खोल नांगरून पुढं ताग पेरीन. माती मोकळी व्हायला वर्षं लागतील, असं तुझ्या तनुजाताईंनी फोनवर सांगितलं. केसरबाई आपल्याकडंच आहे, आईला सोबत झाली.

आप्पांना एक गोष्ट अजून सांगितली न्हाई. यार्डवाल्यानं ज्योतीरामकाकांचं शेत घेतलं, आपल्या घराच्या वरच्या अंगाचं. त्यांचा घेवडा फुलावर होता. आज सकाळपासून ट्रेलर त्याच्यावरूनच आत येतायत. मी बांधावरून बघत होतो. पाऊस सुरूच आहे, आणि तिथला उतार सरळ आपल्या दारात येतो.

रागावलीस तरी येत जा.
शेखर