ओढू नका

४ जानेवारी
पुन्हा पडले हे! स्वयंपाकघराच्या दारात. पाय जमिनीला चिकटले, अंग तेवढं पुढे गेलं आणि धाडकन् खाली. कपाळाला टेंगूळ आलंय, बाकी काही नाही. पण माझी मात्र पाचावर धारण बसली. कंपवात जडल्यापासून असंच — मोकळ्या जागेत चालतात, दार आलं की रुतले!

लेकीचा फोन. ‘आई, आणखी एकदा पडले ना, तर मी ऐकायची नाही. बाबांना शुश्रूषा केंद्रात ठेवायचं. तिथे माणसं असतात सांभाळायला.’ माणसं असतात म्हणे! मग मी कोण? तिथे बायकोला बरोबर राहू देत नाहीत, हे तिनेच मागे सांगितलं होतं. फोन ठेवला तेव्हा हात कापत होता. घरात एकाने कापलं तर पुरे नाही का?

९ जानेवारी
डॉक्टर म्हणतात, नाचायला पाठवा. मला वाटलं, थट्टा करतायत. पण नाही. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांचा नाचाचा वर्ग आहे. ठेका मिळाला की पाय उचलायला सोपं जातं, तोल सुधारतो, मन रमतं — असं बरंच काही सांगितलं. ज्याला धड उभं राहवत नाही त्याला नाचवायचं! मी गप्प बसले. घाबरले की मी गप्प बसते. एरवी माझं तोंड कुठे बंद असतं!

१६ जानेवारी
गेलो. फरशी कसली, आरसाच! गुळगुळीत, चकचकीत! हॉलच्या दारात हे रुतलेच. मागे माणसं खोळंबलेली. मी यांचा हात धरून ओढायला लागले, ‘चला ना हो, चला!’ तशा नाचाच्या बाई धावत आल्या. ‘काकू, ओढू नका! ओढलं की जास्त रुततात. ठेका द्या.’ गाणं लावलं. आणि हे आत! मी बघतच राहिले.

बाई मला म्हणाल्या, ‘तुम्ही पण या ना.’ म्हटलं, मला काय धाड भरलीय? मी खुर्चीवर बसते. बसले कसली — तासभर जीव मुठीत धरून होते. हे जरा कलले की मीही खुर्चीत कलत होते. एक चष्मेवाले आजोबा प्रत्येक वळणावर उलट्या दिशेला वळतात आणि समोरच्याला म्हणतात, ‘तुमचं चुकतंय.’ हे हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

३० जानेवारी
हे अंघोळ करताना गुणगुणतात हल्ली. मी दाराला कान लावून उभी. गुणगुण थांबली की माझा श्वास थांबतो.

१३ फेब्रुवारी
आज वर्गात वीज गेली. गाणं बंद. हे हॉलच्या मधोमध, एक टाच उचललेली, अंग पुढे झुकलेलं. आता पडणार! गेले हे केंद्रात! सगळे ‘या, या’ करतायत, बाई पार दुसऱ्या टोकाला. माझ्या तोंडून आवाज फुटेना. काय सुचलं कोण जाणे, यांची काठी घेतली आणि खुर्चीच्या पायावर बडवायला लागले. खटर-खटर, खटर-खटर. यांच्या शिलाई मशीनचा ठेका! यांनी जन्मभर कपडे शिवले, मी शेजारी बसून काज-बटणं केली. तो आवाज माझ्या हाडात आहे.

पाय उचलला! टाकला. दुसरा टाकला. थेट माझ्यासमोर येऊन म्हणाले, ‘मशीनला तेल घाल गं, फार वाजतंय.’ सगळे हसले. मी रडले.

२७ फेब्रुवारी
आता घरात दारादारात माझी खटर-खटर. हातात सदा चमचा आणि ताटली. लेकीने फोनवर विचारलं, ‘कसला गं आवाज?’ म्हटलं, तुझे बाबा बाहेर येतायत.

पडले नाहीत. पण भीती काही जात नाही. उलट वाढलीय — आता सगळं माझ्या हातावर आलंय ना! वर्गातल्या बाई म्हणाल्या, ‘काकू, खुर्चीवरून उठताना तुम्हाला दोन्ही हात टेकावे लागतात. लक्षात आलंय का?’ म्हटलं, माझं राहू द्या, यांच्याकडे बघा.

१५ मार्च
डाव्या हाताने लिहितेय. अक्षरं म्हणजे कोंबडीचे पाय. उजवं मनगट मोडलंय.

सोमवारी सकाळी बाथरूममध्ये पडले. मी! उठता येईना. हे आवाजाने आले आणि दारात रुतले. ओठ नुसते हलतायत, डोळे भरलेले. मी वेड्यासारखी ओरडतेय, ‘अहो, कुणाला तरी बोलवा! लवकर! जा ना!’ तसे आणखीच रुतले. मग कळलं — मी ओढतेय. तोंडाने ओढतेय! जीभ चावली. डाव्या हाताने अंघोळीचा मग उचलला आणि बादलीवर बडवला. खटर-खटर. हे वळले. दिसेनासे झाले. मग नुसती चपलांची फरफर. बाहेरच्या खोलीचं दार यायचं होतं अजून, मग मोठं दार. आता धाडकन् आवाज येईल. आता येईल. वेदना कुठल्या कुठे गेल्या, तेवढा एक आवाज येऊ नये म्हणून मी बडवत राहिले. हात भरून आला तरी बडवत राहिले.

आणि मग बाहेरून यांचा आवाज — ‘अहो शेजारी, या! ही पडलीय!’

२२ मार्च
डॉक्टर म्हणाले, माझी हाडं ठिसूळ झालीत, पायांत जोर नाही. ‘काकांचे पाय तुमच्यापेक्षा मजबूत आहेत.’ लेक येऊन गेली. केंद्राचं नावही काढलं नाही. पण जाताना माझ्याकडे बघत म्हणाली, ‘आई, आणखी एकदा पडलीस ना, तर...’ पुढचं मला पाठ आहे.

१९ एप्रिल
वर्गात गेले. आज खुर्चीवर हे बसले, फरशीवर मी. गाणं लागलं. पाय उचलेना! कंपवात यांना आहे, मला नाही. मला नुसती भीती. बाईंनी माझा हात धरला, तर मागून खुर्चीवर काठी वाजायला लागली. खटर-खटर, खटर-खटर.

‘ओढू नका तिला,’ हे म्हणाले. ‘येईल ती.’