फायनलमधून तिचं नाव काढलं

सर,

तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली आणि तुमच्याशी बोलणं मी त्याच्याही आधी टाकलं होतं. आज लिहितोय, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, गोलकीपर. आसपासच्या देशांच्या सतरा वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा होती, तिथं ती भारताकडून खेळायला गेली. कसबा बावड्यातल्या आमच्या गल्लीनं तिचा एवढा मोठा फलक लावला की खालच्या दुकानाची पाटी झाकली.

सेमीफायनल आम्ही दुपारी मोबाइलवर बघत होतो. शेवटची दहा मिनिटं उरलेली. ती चेंडूवर झेपावली आणि समोरच्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. ती पालथी पडली, आणि नेमकं चित्र अडकलं. हात पसरून ती तशीच पडलेली. बायको म्हणाली, "हलती हाय का ओ ती?" मला सांगता येईना. चित्र सुरू झालं तेव्हा ती उभी राहून गोलकिक मारत होती. आपण जिंकलो, गल्लीत फटाके वाजले, आणि मी मात्र ती पायऱ्या उतरताना कठडा धरते का, एवढंच बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. खोलीत अंधार. "पडदा उघड की, तोंड तरी दिसू दे," मी म्हणालो.

"नको पप्पा, उजेड डोळ्यांत घुसतोय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "दोनदा उलटी झाली. कोच मॅडमना म्हायती न्हाय. तुम्ही बी सांगायचं न्हाय. उद्या फायनल हाय. माझी शपथ हाय."

फोन ठेवला आणि मी वडगावहून निघालेल्या त्या एसटीत जाऊन बसलो. मी सतरा वर्षांचा आहे. आदल्या दिवशी तुमच्या सरावात गोलच्या खांबावर डोकं आपटलंय, कोल्हापुरात राज्याच्या संघाची निवड आहे, आणि मी खिडकीतून ओकतोय. तुम्ही माझी हनुवटी धरून डोळ्यांत बघता. मैदानावर पोचल्यावर तुम्ही सरळ टेबलापाशी गेलात आणि माझं नाव खोडायला लावलंत. सगळ्या पोरांदेखत मी म्हणालो, "माझं वाटोळं केलासा, सर."

"व्हय, केलं," तुम्ही म्हणालात. "बस जा सावलीत."

तशी निवड पुन्हा माझ्या वाट्याला आली नाही. रस्त्यात तुम्ही दिसलात की मी सायकल दुसऱ्या बोळात घालायचो.

तिची शपथ मोडायला मला दोन तास लागले. तिला काही होईल ही भीती होतीच. पण ती माझ्याशी तशीच वागेल, जशी मी तुमच्याशी वागलो, याचीही होती, आणि खरं सांगतो, काही वेळ हीच मोठी होती. बायकोला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "न्हाय बोलली तर न्हाय. जित्ती असू दे की नुसती."

मग मी लावला फोन. "मॅडम, कीपरचा बाप बोलतोय." पुढचे पाच तास कुणाचाच फोन नाही. मी उगाच टाकीवर चढून पाणी बघून आलो, दोनदा. अखेर मॅडमच दवाखान्यातून बोलल्या: मेंदूला मार आहे, रक्तस्राव नाही, महिनाभर मैदान बंद. तशीच खेळली असती तर काय झालं असतं, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

फायनल आपण हरलो. दुसरा गोल तर नव्या कीपरच्या पायांतून गेला. मुलीचा एक मेसेज आला, "तुम्ही सांगितलासा." त्यानंतर ती फोन उचलत नाही. उद्या सकाळी ती येते आहे. स्टेशनवर आणायला मला जायचं आहे, आणि गाडीतून उतरून ती कुठं बघेल, ठाऊक नाही.

हा कागद वडगावला तुमच्या घरी देता आला असता. देणार नाही. तुम्ही गेलात ते उशिरा कळलं, असं मी तुमच्या घरच्यांना सांगितलं होतं. निरोप वेळेवर आला होता, सर. मी घरातच बसून राहिलो.