जशोदाचं कार्ड, अकोल्याची बस

२२ नोव्हें., शनि.
राजापेठेतून सामान आलं. खारीक अर्धा किलो १६०, डिंक पाव किलो १४०, गोडंबी १२०, खोबरं २००. एकूण ६२०. खोबऱ्याला हात लावायची सोय राहिली नाही. पैसे समोरच्या जशोदानं आधीच देऊन ठेवले होते. तिच्या कविताचं पहिलं बाळंतपण आहे, अकोल्याला, सासरी. बीपी वाढतं म्हणून डॉक्टर प्रवास करू देत नाहीत, नाही तर पहिलं माहेरीच व्हायचं. ज. पुढच्या महिन्यात तिकडं जाणार. डिंकाचे लाडू मी करून देणार.

संध्या. ज.सोबत तलावावर. सिंधी लोकांचा आज चांद. अमावास्येनंतर चंद्र दिसला की पाण्यात तांदूळ-साखर सोडतात. तिनं बटव्यात तांदूळ-साखर घेतली होती. त्याच बटव्यात तिचं कार्ड. सिंधमधून आली तेव्हापासून इथं राहायची जी परवानगी आहे, तिचं कार्ड. ते अंगावर असल्याशिवाय ती उंबरठा ओलांडत नाही, भाजीला गेली तरी. डोळे मिटून बटवा पाण्यावर पालथा केला. तांदूळ गेले, साखर गेली...
वाकून पाहिलं तर नुसतं हिरवं पाणी.
पहिल्यांदा हसलीच. म्हणे, "दीदी, झूलेलालने चावल लिए, कार्ड बी ठेऊन घेतलं." मग माझा हात धरला, तो घरापर्यंत सोडला नाही.

२४ नोव्हें., सोम.
पोलिसात हरवल्याची नोंद. सकाळी निघताना ह्यांनी तिला शिकवून पाठवलं, "बसमधी हरवलं म्हन. लवकर उरकते." तिनं मान हलवली.
तिथं गेल्यावर लिहून घेणाऱ्यानं विचारलं, कुठं हरवलं?
"तलावात."
"तलावात कसं काय?"
मग तिनं चंद्रापासून सगळं सांगितलं. तो हसू दाबून लिहीत होता. शेवटी लेखणी थांबवून म्हणाला, "मावशी, इतकं खरं सांगायले आमच्याकडं कोनी येत नाही."
मला तर तिथंच तिच्या पाया पडावंसं वाटलं. वयानं लहान आहे म्हणून थांबले.

२७ नोव्हें., गुरु.
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. कलश मांडला, पोथी वाचली. फळं देवीपुरतीच आणली.
ज. मुलाला घेऊन परदेशी नागरिकांच्या शाखेत जाऊन आली. साहेब चांगले बोलले म्हणे, पाणी दिलं. पण नवीन कार्डाचा अर्ज वर जाणार, महिना-दीड महिना. आणि कार्ड नाही तोवर शहराबाहेर मुक्कामाची परवानगी नाही. त्या परवानगीच्या अर्जालाच जुन्या नाही, चालू कार्डाचा नंबर अन् झेरॉक्स लागते.
कविताला दिवस भरत आले.

२९ नोव्हें., शनि.
लाडू वळले. ज. मदतीला आली होती. हे पेपर वाचता वाचता म्हणाले, "भाभी, अकोला का परदेश आहे? बडनेरा, मूर्तिजापूर, की आलं अकोला. बसमधी कोन कार्ड पाहते? तिकीट पाहते."
ती वळता वळता म्हणाली, "भाईसाब, बसवाला नाही पाहनार. मी तं पाहून राहिली ना."
ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. इतक्या वर्षांत ह्यांना गप्प करणारी पहिलीच बाई.
मग तिनं मला स्वयंपाकघरात सांगितलं. तिचं आणि मुलाचं नागरिकत्वाचं प्रकरण एकाच फायलीत आहे. आता कुठं शेवटच्या टेबलाशी आलं. विचारणा होते, कुठं कुठं राहिलात, कधी, कुणाच्या परवानगीनं. एका ठिकाणी खोटं निघालं तर मुलाचंही अडकणार. तो कापडाच्या दुकानात लागला, मुली सांगून येतात, आणि पहिला प्रश्न, कागद पक्के आहेत का?

४ डिसें., गुरु.
दुसरा गुरुवार. आज मीच तिला म्हटलं, जाऊन ये गं. चार दिवसांचा तर प्रश्न. पोटची पोर आहे, पहिली वेळ आहे. कुणाला कळणार?
ती माझ्या कलशाकडे पाहत होती. म्हणाली, "दीदी, तुमचा उपास आहे. घरात कोनी नाही. फराळाआधी चोरून खाल्लं का तुमी?"
मी उगाच कलशावरची फुलं सारखी केली.
रात्री पोथीला नमस्कार करताना तेच डोक्यात. आपण उपास देवासाठी करतो म्हणतो. ती सरकारसाठी करून राहिली. आणि तिचा जास्त कडक.

९ डिसें., मंगळ.
ज.कडे पापड लाटायला गेले होते. ती एरवी बोलत लाटते, आज नाही. एक पापड जाड झाला, पुन्हा गोळा केला. तिच्या हाताचा पापड जाड झालेला मी कधी पाहिला नाही.

१४ डिसें., रवि.
अकोल्याहून फोन. उद्या भरती व्हायला सांगितलं. कविता रडत होती, "मम्मा, तू येते का नाही?" ज. फोन कानाला लावून नुसती उभी. "आती हूँ" म्हटली नाही. खोटं फोनवरही बोलली नाही.
मी म्हटलं, मी जाते.
घरी हे म्हणाले, "अन् तुझं उद्यापन? गुरुवारी चार सवाष्णी सांगितल्या ना?"
म्हटलं, सवाष्णी पुढच्या वर्षीही सवाष्णच राहतील.
"बरं बाई. माह्या जेवनाचं?"
"पिठलं येतं तुम्हाला."

१५ डिसें., सोम.
सकाळची बस. ज. पिशवी घेऊन स्टँडपर्यंत आली. लाडूचा डबा, आणि तिची जुनी सुती ओढणी, धुवून धुवून लोण्यासारखी मऊ झालेली. बाळ आधी हिच्यात घ्यायचं. पिशवी तिनंच वर ठेवली, म्हणजे पायरीवर एक पाय गेला.
कंडक्टर म्हणाला, "चढा ना मावशी, जागा लई आहे."
सीटकडं पाहिलं तिनं. माझ्या शेजारचीच, खिडकीची. मग पाय खाली घेतला.
"मला परवानगी नाही भाऊ," म्हणाली, मोठ्यानं, चार लोकांत. शरमेनं नाही. एखादी म्हणेल ना, आज माझा उपास आहे, तशी.
बस हलल्यावर खिडकीतून मागे पाहिलं. पदर नीट करून ती सरळ घराच्या दिशेनं चालली होती. मूर्तिजापूर येईपर्यंत मी देवीचं नावही घेतलं नाही. विसरलेच.

१६ डिसें., मंगळ., अकोला
मुलगी झाली. दुपारी. दोघी सुखरूप. जय अंबे.
ज.चा साधा फोन, चित्र दिसत नाही. तिचा मुलगा दुकानातून धावत घरी गेला, तेव्हा त्याच्या मोबाइलवर तिनं नात पाहिली. ओढणीत घेतलेली. तिकडून ज. काही तरी गाऊन राहिली, सिंधीत. सिस्टर म्हणाली, "आजी, तो फोन बाजूला करा."
म्हटलं, "मी आजी नाही बाई, आजी फोनमध्ये आहे."
तिनं दोन मिनिटं तसंच राहू दिलं.

१८ डिसें., गुरु., अकोला
शेवटचा गुरुवार. घरात सोयर, पूजा नाही. पेजेचं पातेलं उतरवलं, मनातल्या मनात पोथीतलं आठवेल तेवढं म्हटलं. देवी समजून घेईल. घेतलंच पाहिजे.
कविताच्या सासूबाई मायाळू आहेत, पण जिभेला धार. "लोक विचारून राहिले, मुलीची माय कुठं आहे म्हनून. मी काय सांगू? शेजारीन पाठवली?"
म्हटलं, सांगा, तिची माय शब्दाची पक्की आहे, म्हणून शेजारीण आली. त्या चहा ओतायला लागल्या. नंतर म्हणाल्या, संक्रांतीच्या आधी नाव ठेवून घेऊ, पाहुणे सोयीचे पडतात.
मला तेव्हा बोलायला हवं होतं. दुसऱ्याचं घर, जीभ उचलली नाही.

२० डिसें., शनि.
परत आले. हे बारीक दिसतात, तीन दिवस पिठलंच खाल्लं म्हणे. ज. दारातच. आधी माझा हात हुंगला, बाळाचा वास येतो का म्हणून. मग विचारलं, "दीदी, जेवल्या का?"
कार्डाचं काही कळलं नाही. काल शाखेत जाऊन आली, अर्ज वर गेला एवढंच. नावाची गोष्ट मी काढली नाही. हिनं नातीसाठी एक नाव ठरवलंय, ते कुणाला सांगत नाही.

२१ डिसें., रवि.
आज कविताच्या सासूबाईंना पोस्टकार्ड लिहिलं, उद्या पेटीत टाकते. काय लिहिलं ते इथंही उतरवून ठेवते:

"सौ. वहिनींस सप्रेम नमस्कार. मी सुखरूप पोचले. इतके दिवस तुम्ही मला घरच्यासारखं ठेवलं, उपकार आहेत. एक मागणं, समोर बोलायचा धीर झाला नाही. बाळाचं नाव आजी येईपर्यंत थांबवावं. कार्ड कधी येईल ते मी सांगू शकत नाही, तीही नाही. संक्रांत जाईल, कदाचित होळीही. पण आली की ती उजळ माथ्यानं येईल, आणि त्या पोरीला सांगायला तुमच्याकडं एक गोष्ट राहील. पाहुण्यांचा खोळंबा होतो हे मला कळतं. तरी विचार करून, हो असो की नाही, उलट टपाली कळवावं. फोन करू नये. माझा फोन सध्या दिवसभर जशोदाच्या हातात असतो, बाळाचे फोटो पाहत."