शेवटच्या चॅनेलवरचा उजेड

बाबा,

नमस्कार. उद्या लिहू, परवा लिहू करत पत्र टाळत गेलो, रागावू नका. मी ठणठणीत आहे. आईला सांगा, स्वेटर अंगाला नीट बसतो. तुमचा खोकला थांबला का?

काम सोपं आहे. केसाएवढ्या काचेच्या तारेतून उजेड धावतो. रंगांनुसार त्याचे चॅनेल पाडायचे आणि शेतात बांध घालावेत तसे वाटून द्यायचे. साहेब म्हणाले, शेवटचं चॅनेल नुसतं पडून आहे, ते बंद कर आणि त्याचे लहान तुकडे पाड. मी इथूनच त्या चॅनेलचा पलीकडच्या टोकाचा दिवा विझवला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत लागला. आठवडाभर हेच चाललंय.

सोबतचे हसतात, "तुझ्या आधीचा बोलावतोय तुला." तो पोरगा पावसाळ्यात तारेच्या खांबावरून पडून वारला. मी त्याच्याच खुर्चीत बसतो. हसतात खरे, पण माझी खुर्ची रिकामी असली तरी चहा उभ्यानेच पितात. काळजी करू नका, मी भीत नाही. फक्त दुपार झाली की पाठ गार पडते.

हो, इथे एक मांजर आहे, आपल्या टिकलीसारखीच चोर.

थांबा, दारात कुणीतरी आलंय.

बाबा, पलीकडच्या टोकाचे म्हातारे ऑपरेटर आलेत. विचारतात, "मी लावलेला दिवा रोज कोण विझवतं रे? माझा मुलगा दुपारी इथे बसून याच चॅनेलवर माझ्याशी बोलायचा. राहिला लागलेला तर तुमचं काय जातं?"

त्यांना बसा म्हणायचंय. पण खोलीत खुर्ची एकच आहे.

तुमचा,
पायाला भिंगरी लागलेला