दार क्रमांक नऊच्या खोट्या नोंदी माझ्या नावावर धरण्याबाबत

प्रति,
मा. शाखाधिकारी,
सिंचन कार्यशाखा, ग्वानपू

विषय : तिसऱ्या चारीच्या दार क्र. ९ बाबत मी सव्वीस वर्षे केलेल्या नोंदी खोट्या ठरवून, सदर दार पूर्ण बंद न करण्याबाबत.

संदर्भ : १) श्रीमती को चिन-ए यांचा पाण्यासाठीचा अर्ज व त्यावरील आपले नामंजुरीचे पत्र.
२) मी कार्यालयात समक्ष दिलेली तोंडी कबुली (हिची नोंद घेतली गेली नाही).

महोदय,

१. मी, झुओ थ्येन-लाय, वय ६८, आपल्या कार्यशाखेचा निवृत्त पाटकरी. प्रजासत्ताक वर्ष ८६ पासून ११२ अखेरपर्यंत तिसऱ्या चारीची नऊ दारे हाताने उघडणे, पाळी संपली की बंद करणे आणि तशी नोंद रोजच्या वहीत करणे हे माझे काम होते. नऊपैकी आठ दारांच्या नोंदी खऱ्या आहेत. त्यांबद्दल हा अर्ज नाही.

२. दार नऊ हे चारीचे शेवटचे दार. त्याच्यापुढे कागदावर शेत नाही. प्रत्यक्षात साखर कारखान्याच्या जुन्या रुळांलगत एक अरुंद पट्टी आहे व तीत श्रीमती को अळूचे कंद लावतात. त्यांना दुसरी जमीन नाही. सदर पट्टी रुळांची बाजू म्हणून नोंदलेली असल्याने तिला पाण्याचा हक्क नाही. विंधन विहीर घ्यावी, तर जमीन खचते म्हणून आमच्या भागात तिला मनाई आहे.

३. माझ्या पहिल्या वर्षी दार नऊचा आटा झिजलेला होता. शेवटची दोन बोटे खाली बसवायला घाम निघे. मी आळस केला आणि वहीत 'पूर्ण बंद' लिहिले. तो निव्वळ आळस होता, त्याला कृपया दया वगैरे म्हणू नये. पुढे दोन महिन्यांनी खालच्या पट्टीत अळूची पाने डोलताना दिसली, तेव्हा माझ्या आळसाचे काय होते आहे ते मला कळले. नंतर आटा बदलून मिळाला, दार एका हाताने फिरू लागले, तरी मी दोन बोटे उघडी ठेवलीच. वहीत मात्र रोज 'पूर्ण बंद', खाली सही. ते पाणी चारीवरच्या सगळ्यांचे थोडे थोडे होते आणि मी कोणालाही विचारले नव्हते.

४. यंदा दुसऱ्या महिन्यात दारे स्वयंचलित झाली. काम चांगले झाले आहे, हे मी मनापासून लिहितो. पावसात चिखलातून सायकल ढकलत नऊ दारे फिरणे काय असते ते मला ठाऊक आहे. यंत्राला पाळ्या शिकवायच्या म्हणून अभियंत्यांनी माझ्या सगळ्या वह्या मागितल्या. मी छाती फुगवून दिल्या. त्याच वेळी सांगायला हवे होते, पण माझ्या डोक्यातच आले नाही. माझ्या वह्यांवर कोणा साहेबाने कधी एवढा विश्वास टाकला नव्हता. यंत्राने टाकला. मी जे नुसते लिहीत होतो, ते आता ते रोज करून दाखवते.

५. श्रीमती को यांनी अर्ज केला, तेव्हा आपल्या कार्यालयातील कु. येन त्यांना म्हणाल्या, "काकू, तिथं पाणी कधी गेलेलंच नाही. हे बघा ना, सव्वीस वर्षांच्या नोंदी. आणि झुओकाकांचं अक्षर आहे, ते कशाला खोटं लिहितील?" म्हणजे माझे चांगले नाव त्या बाईंच्या मुळावर आले.

६. हे कळल्यावर मी कार्यालयात येऊन कबुली दिली. कु. येन हसून म्हणाल्या, "काका, दोनदा आदर्श पाटकरी झालात तुम्ही! कशाला उगाच अंगावर ओढवून घेताय? चहा घ्या." मी चहा घेतला. घ्यायला नको होता. आपण स्वतः सांगितलेत की निवृत्त कर्मचाऱ्याने स्वतःविरुद्ध तक्रार करण्याचा नमुना उपलब्ध नाही, शिवाय पुरावाही नाही. महोदय, पुरावा म्हणून अळू उभा आहे. तो सव्वीस वर्षे पाण्यावाचून वाढला असे कार्यालयाचे म्हणणे असेल, तर तसे लेखी द्यावे.

७. या महिन्याच्या नऊ तारखेस दार नऊखाली वीट मी ठेवली. यंत्राने बोंब ठोकली, चौदा मिनिटांत आपली गाडी आली व वीट काढण्यात आली. कॅमेऱ्यातील छायाचित्राखाली 'अनोळखी इसम' असा शेरा आहे. डोक्यावर बांबूची टोपी, पाठमोरा, ओणवा, तो इसम मी. शेरा दुरुस्त करावा. मला पाठीवरून ओळखणारी तीस-चाळीस माणसे या चारीवर सहज मिळतील.

८. श्रीमती को यांना हे सर्व सांगणे मला विटेपेक्षा जड गेले. त्या आभार मानतील असे, खोटे कशाला बोलू, मला थोडेसे वाटले होते. त्या हातातले खुरपे टाकून उठल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही सोडत होतात? मला वाटायचं दारच गळकं आहे! सणावाराला मी त्या दारापुढं उदबत्ती लावली, फळं ठेवली. आणि तुम्ही 'जेवलात का' विचारत सायकलवरून पुढं जायचात! एका शब्दानं बोलला असतात, तर तेव्हाच हक्क मागितला असता. तेव्हा आमचे हे होते, माझे गुडघे धड होते, घातले असते खेटे तुमच्या कचेरीत." मी गुपचूप पाणी देत राहिलो आणि त्यांचा भांडायचा काळ निघून गेला. याची मला लाज वाटते.

९. सबब विनंती की, दार नऊच्या माझ्या सर्व नोंदी खोट्या ठरवाव्यात, दोन्ही मानचिन्हे जमा करून घ्यावीत व निवृत्तिवेतनाबाबत नियमाने जे होईल ते करावे. वीस वर्षांवर वाहिलेल्या पाण्याला वहिवाट धरता येते, असे आपल्याच नामंजुरीच्या पत्रात म्हटले आहे. मी खोटा ठरलो, तरच ते पाणी वाहिले असे ठरते. यंत्राला आकडा लागतो म्हणून माझी दोन बोटे मोजून घेतली आहेत. साडेतीन सेंटिमीटर भरतात.

१०. चौकशीस नव्वद दिवस लागतात असे समजले. माझी हरकत नाही, मी कुठे जात नाही. अळूची पाने कडेने पिवळी पडली आहेत व तो फार तर आठ दिवस काढील. तरी माझा अपराध सिद्ध होण्याची वाट न पाहता, तो आजच सिद्ध झालेला आहे असे धरून, पाणी आधी सोडावे आणि मला शिक्षा सावकाश द्यावी.

कारवाईस हजर असलेला, आपला नम्र,
(सही)
झुओ थ्येन-लाय
निवृत्त पाटकरी, तिसरी चारी

प्रजासत्ताक वर्ष ११३, चौथा महिना, दि. १७

सोबत : १) ओळखपत्राची प्रत. २) मानचिन्हे, नग दोन (एकाची काच फुटलेली आहे, ती माझ्याकडूनच फुटली).